उकिरड्यावरून उचललेलं नाव

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाकडे बाळ झालं की आधी पेढे यायचे आणि पेढ्यांच्या पाठोपाठ प्रश्न यायचा, "बाई, नाव सुचवा." बाई म्हणजे मी. रविवारच्या शाळेत पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं म्हणून बाई. खऱ्या शाळेत मी सातवीपर्यंतच गेले. पुढचं सगळं शिक्षण आधी चुलीजवळ आणि मग गॅसजवळ, हाताला लागेल ते वाचून. नावांची मात्र मला लहानपणापासून ओढ. दोनशे पानी वहीत मी शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, नावं उतरवून ठेवली होती, डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. हन्ना म्हणजे कृपा. थोमा म्हणजे जुळा. हे नाव मी एकट्या आलेल्या मुलाला कधी सुचवलं नाही. दबोरा म्हणजे मधमाशी. ते सुचवलं तेव्हा बाळाच्या आजीनं विचारलं, "बाई, मोठी होऊन डसणार नाही ना?" ती पोर आता दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर लोकांना सुया टोचते. आजीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आता थकले मी. वही कपाटाच्या वरच्या खणात आहे आणि तिथवर माझा हात पोचत नाही. लोकही नावं फोनवर शोधतात, त्यात काही वाईट नाही. पण गावाला नावं वाटणाऱ्या या बाईनं आपल्याच घरातल्या एका नावाचं काय केलं, ते लिहून ठेवायचं मनात आहे. गुडघे फार वेळ बसू देत नाहीत, तेव्हा उठतबसत लिहिते आहे.

ह्यांना दोन नावं होती. दोन्ही मी इथे लिहिणार नाही. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालो, पुष्कळ काही सुटलं, हे नाही सुटलं. लग्नाच्या पंगतीत उखाण्याची वेळ आली तेव्हा मी पाळकसाहेबांकडे बोट दाखवून, नाव यांनी मघाशीच घेतलंय म्हणत, सुटका करून घेतली. पुढं पन्नास वर्षं "अहो" वर भागलं.

एक नाव बाप्तिस्म्याचं. त्याचा अर्थ, देवानं दिलेला. माझ्या वहीत ते पहिल्या पानावर होतं. दुसरं घरचं, उकिरड्यावरून ठेवलेलं. केरकचऱ्याचं नाव म्हणा ना सरळ.

ते कसं पडलं ते सांगायला हवं. आम्ही मूळचे नगरकडचे. सासूबाईंची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी सुईणीनं नाळ कापली, पोराला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सासूबाई दारात बसून बघत होत्या. ठरल्याप्रमाणे शेजारीण तिथून चालली, थांबली, मोठ्यानं म्हणाली, "कुणाचं गं हे?" सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं न्हाई. टाकलंय." मग शेजारणीनं ते उचललं, आपल्या घरी नेलं, आणि सासूबाईंनी ओंजळभर कोंडा देऊन तिच्याकडून स्वतःचं पोर घेतलं. म्हणजे मरण दारावर आलं तर त्याला वाटावं, इथं नेण्यासारखं काही नाही, कचरा आहे. नावही तसलंच ठेवलं. आमच्याकडे हे नवं नव्हतं, प्रत्येक गावात असले दोन-चार बाप्ये असत. सासूबाईंचा बाप्तिस्मा झालेला होता, पण भीती जुनी होती. पुढं पाळक फिरतीवर आले तेव्हा पोराच्या डोक्यावर पाणी पडलं आणि शास्त्रातलं नाव मिळालं. सासूबाईंनी ते कधीच वापरलं नाही. शाळेत नाव घालायला त्याच गेल्या आणि मास्तरांना त्यांनी आपण ठेवलेलंच नाव सांगितलं. तेच दाखल्यावर आलं, तेच पुढं कंपनीच्या कार्डावर. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत एक माणूस आणि कंपनीच्या गेटवर दुसरा, असं आयुष्यभर चाललं.

लग्नात आम्हाला नवं कोरं शास्त्र भेट मिळालं. आमच्यात त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर नवरा-बायकोची नावं घालायची पद्धत आहे, पुढं त्याखाली लेकरं, मग नातवंडं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी बाप्तिस्म्याचं नाव लिहिलं, वळण देऊन, लाल शाईनं. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"दाव बरं, माझ्या लेकाचं कंचं?"

मी बोट ठेवलं.

"ह्ये एवढं लांब? त्याचं नाव तर आखूड हाय."

"आत्याबाई, हे बाप्तिस्म्याचं."

"ते पाद्र्यानं ठिवलं. म्या ठिवलेलं कुठाय?"

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी म्हणाले, "कचऱ्याचं नाव देवाच्या पुस्तकात कसं घालायचं?"

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "कचऱ्यानंच वाचवलं त्याला, बये," एवढं म्हणून बाहेर गेल्या. पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

मुलाच्या वेळी तेच नाव पुन्हा वर आलं. आपल्याकडे पोराच्या नावामागे बापाचं नाव लागतं, ते काही चुकत नाही. वर्गात हजेरीला पूर्ण नाव घ्यायचे. पोरं त्याच्या दप्तरात पेन्सिलीची टरफलं टाकत आणि म्हणत, "घे, बाबांना दे." तो घरी येऊन सांगायचा नाही, मला दप्तर झटकताना कळलं. अठरा पूर्ण झाल्यावर त्यानं गॅझेट करून मधलं नाव बदललं आणि बाप्तिस्म्याचं लावलं. त्याला तो मार्ग मीच सुचवला होता. ह्यांनी कागदावर सही केली, डबा उचलला आणि सेकंड शिफ्टला गेले. नंतर कधीतरी मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "पोराला जड होत होतं, उतरवलं. त्यात काय."

ह्यांची सगळी नोकरी एका कारखान्यात गेली, लेथवर. आधी भोसरीला, मग त्यांचं शॉप, म्हणजे यंत्रांचं खातं, चाकणला हलवलं तेव्हा कंपनीच्या बसनं तिकडे. तिथं ह्यांना सगळे घरच्या नावानंच ओळखायचे, वर "राव" लावून. उकिरड्याचं नाव आणि त्यावर राव! मी एकदा हसले तर म्हणाले, "हस. पण यंत्र अडलं की साहेबसुद्धा त्याच नावानं हाका मारीत येतो." निवृत्त झाल्यावर दर महिन्याला शॉपवाले कुठंतरी चहाला जमायचे. ह्यांचा एक ठरलेला विनोद होता: "मी गेलो की पेटीला खांदा द्यायला घरच्यांनी धावपळ करू नका. शॉपवाले येतील. जागा ठेवा."

गेल्या पावसाळ्यात हे गेले. दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस. तिथं कागदावरचं नाव चाले, तेव्हा नर्स सकाळी घरचंच नाव घेऊन हाक मारी, आणि हे डोळे मिटलेलेच "हजर" म्हणत.

मुलानं सगळं नीट केलं, त्याला बोल लावायला जागा नाही. बातमीचा मजकूर त्यानं तयार केला, बाप्तिस्म्याचं नाव, आडनाव, दफनविधीची वेळ. मंडळीच्या ग्रुपवर टाकला, कंपनीच्या निवृत्तांच्या ग्रुपवर ओळखीतल्या एकाकरवी टाकून घेतला. देऊळ भरलं होतं. मी मात्र सारखी फाटकाकडे बघत होते. दफनभूमीतसुद्धा मागं वळून बघत होते. शॉपमधलं एक माणूस आलं नाही. पेटीला खांदा मुलाच्या ऑफिसातल्या पोरांनी दिला; बिचारी आली होती, पण त्यांनी ह्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"लोक विसरतात आई," मुलगा म्हणाला.

मग मी शॉपवाल्यांवर राग धरला. सांगायला लाज वाटते, पण खूप धरला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी एकेकाची आठवण काढून मनात बोलायचे: तुझ्या मुलीच्या लग्नात हे तीन दिवस राबले, तुझ्या ऐवजी दोन महिने नाइट केली. रागानंही माणूस थकतं. एवढा थकवा आणणारी दुसरी गोष्ट नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी बेल वाजली. दारात ह्यांचे जुने सोबती, दिघीचे. एकाच यंत्राच्या दोन बाजूंना दोघांनी वीस वर्षं काढलेली. हातात पिशवी, पिशवीतून वांग्यांची देठं वर आलेली. मी दार अर्धंच उघडलं. आता या म्हणावं की नाही, हाच विचार करत होते, तर ते हसून म्हणाले,

"वहिनी, हाय का आमचा राव? म्हैनोन्म्हैने फोन लागत न्हाई, च्याला बी दिसला न्हाई म्हनत्यात. म्या बी लेकीकडं हुतो, सांगलीला. म्हनलं वांगी घिऊन जावं, त्येला आवडत्यात."

"ते गेले, भाऊजी."

"कुठं? पोराकडं व्हय?"

मी वर आभाळाकडे बोट दाखवलं. त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली, एक वांगं बाहेर घरंगळलं.

"कवा?"

"पावसाळ्यात."

"अन् आमाला कुनी सांगितलं न्हाई, वहिनी? आमी काय परके हाव?"

"ग्रुपवर टाकलं होतं. तुम्हीच कुणी आला नाहीत."

त्यांनी फोन काढला. चष्मा कपाळावर चढवून, बोटानं मागं मागं सारत बराच वेळ शोधत राहिले. मग फोन माझ्यापुढे धरला. "ह्यो? ह्यो आपला राव व्हय?"

मी मान हलवली. आडनाव आमचं असं की त्यांच्या शॉपमध्येच त्या आडनावाचे चौघं होते; आणि ते दुसरं नाव शॉपमध्ये कुणी कधी ऐकलंच नव्हतं. मजकुराखाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. एकाखाली एक, रांगेनं. त्यात भाऊजींचंही होतं.

"म्या बी हात जोडलं, वहिनी," ते म्हणाले. "कोन हाय म्हाईत न्हाई, कुनी किरिस्ताव भला मानूस गेला आसंल म्हनून हात जोडलं. अन् च्या प्यायला बसलो."

मग ते दारातच उकिडवे बसले आणि म्हाताऱ्या माणसांसारखे आवाज न करता रडले. मी तिथंच उंबऱ्यावर टेकले. माझा इतक्या महिन्यांचा राग जायचा तर कुठं जायचा? फिरून माझ्याकडेच आला. लाल शाईनं वळण देऊन मीच सुरुवात केली होती. माणूस गेला आणि त्याच्या माणसांना कळलं नाही.

थडग्यावर दगड बसवायचा राहिला होता. माती खचून बसायला आमच्यात काही महिने जाऊ देतात. मुलानं चांगला काळा ग्रॅनाइट बघून ठेवला होता, मजकूरही देऊन आला होता: बाप्तिस्म्याचं नाव, तारखा, आणि खाली मी निवडून दिलेलं शास्त्रातलं वचन. त्या दिवशी वांग्यांची भाजी करता करता मी ठरवलं की दगडावर घरचं नाव आलं पाहिजे. एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं.

ठरवणं सोपं. पण पस्तीस वर्षं ज्या बाईनं लोकांना शास्त्रातली नावं घ्यायला लावली, तिनं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी देवळाच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक आणलं, पुठ्ठा सुटलेलं, पहिल्या ख्रिस्ती लोकांविषयीचं. भिंगातून वाचते मी आता, दिवसाला चार पानं. नात इंजिनीअरिंगला आहे, ती शनिवार-रविवार येते. तिला सांगितलं, तुझ्या फोनवरही बघ, पुस्तक जुनं आहे, चुकलेलं असेल.

काय सांगू, माझी अर्धी वही खोटी पडली. अर्थ चुकीचे नव्हते. पण मला वाटायचं, माणूस ख्रिस्ती झाला की पहिल्या दिवसापासून नाव बदलत असेल. तसं काही नाही. प्रेषितांच्या पत्रांच्या शेवटी सलाम सांगितलेल्या माणसांची लांबलचक यादी असते, ती मी आयुष्यभर घाईनं वाचून टाकली. त्यात फिबी आहे. मंडळीची सेविका, मोठ्या मानाची बाई, आणि नाव ग्रीकांच्या चंद्रदेवीचं. एक उपदेशक आहे, त्याचं नाव त्यांच्या सूर्यदेवावरून. कुणी त्यांना म्हटलं नाही, आधी नाव उतरवा मग आत या. पत्र ज्यानं लिहून घेतलं तो तर्तियस, म्हणजे तिसरा. क्वार्त म्हणजे चौथा. नात म्हणाली, "आजी, चाकणला कंत्राटी लोकांना टोकन नंबरनं हाका मारतात तसं?" तसंच असेल. ही माणसं बहुधा गुलाम; गुलामांना कोण शोधून नावं ठेवतो. अनेसिम म्हणजे कामाचा, उपयोगी. हातोड्याला ठेवावं तसं नाव. पेत्र, पौल ही नावं पोरांना ठेवायची आवड लोकांना लागली ती पुढं दोन-अडीचशे वर्षांनी.

आणि मग ते पान आलं. रोमजवळ जमिनीखाली लांबच लांब भुयारं आहेत, त्यात त्या लोकांनी आपली माणसं पुरली. भिंतीत खण, खणाला चुन्यानं लावलेली फरशी, आणि गरिबाघरचं असेल तर ओल्या चुन्यातच नाव ओरखडलेलं. त्यात एक नाव येतं, स्तेर्कोरियस. अर्थ, शेणाचा, उकिरड्यावरचा. दुसरं प्रोयेक्ता, टाकून दिलेली. त्या काळी नकोशी लेकरं लोक उकिरड्यावर टाकून देत, दुसरं कुणी उचलून वाढवी, त्यावरून ही नावं आली असावीत म्हणतात. काही विद्वान म्हणतात, ख्रिस्ती लोकांनी नम्रता म्हणून ती मुद्दाम धरून ठेवली. काही म्हणतात, तसं काही नाही, नुसती नावं होती, बापाची पोराला आली. त्यांच्यात एकमत नाही, आणि मी कोण त्यांचं भांडण सोडवणार. मला एवढं दिसलं की कुणीतरी आपलं माणूस पुरलं, आणि वर कचऱ्याचं नाव लिहायला त्याचा हात अडखळला नाही.

मी भिंग खाली ठेवलं. सासूबाई डोळ्यांपुढे आल्या. गुडघ्यावर हात देऊन उठताना.

मुलाला मी जेवताना सांगितलं. तो ताथवड्याला राहतो, रविवारी उपासना झाली की इकडे येतो.

"दगडावर पप्पांचं घरचं नाव पण घालायचं."

त्याचा घास थांबला. "आई, आता काय हे मध्येच?"

मी दिघीच्या भाऊजींचं सांगितलं. त्याला लागलं ते, मला दिसलं. पण तो म्हणाला, "ते माझं चुकलं. फोटो टाकायला हवा होता. पण दगड शंभर वर्षं राहतो आई. शंभर वर्षं लोकांनी पप्पांना कचरा म्हणायचं?"

मी रोमचं सांगितलं. भुयारं, चुना, उकिरड्यावरचा, सगळं.

"ते रोम. हे पिंपरी-चिंचवड."

"मेलेली माणसं सगळीकडे सारखीच असतात."

"अगं, तू हजेरीला नव्हतीस उभी!" तो एकदम मोठ्यानं बोलला. पंचेचाळिशीचा बाप्या, पण आवाज पाचवीतल्या पोराचा आला. नातीनं मान खाली घातली. तो पुढं हळू आवाजात म्हणाला, "दप्तर तू झटकत होतीस. भरलं जायचं ते माझ्यासमोर."

तोही खराच होता. मी त्याच्या पानात भात वाढला. विषय तिथंच राहिला.

पण वेळ राहत नव्हता. पुढच्या आठवड्यात दगड तयार होणार होता. बुधवारी सकाळी मी कुणाला न सांगता बस धरली आणि निगडीच्या पुढं, हमरस्त्याच्या कडेला दगडवाल्याचं दुकान आहे तिथं गेले. बसमधून उतरताना कंडक्टरनं हात दिला. दुकानापर्यंत दोनदा थांबले.

दगडवाला मुसलमान, चाळिशीतला, भुवयांवर पांढरी भुकटी. ह्यांचा दगड भिंतीला टेकून उभा होता. बाप्तिस्म्याचं नाव कोरून झालं होतं, छान झालं होतं, तारखाही. खाली वचनाच्या ओळी नुसत्या खडूनं आखलेल्या.

"बसा मावशी. साहेब नाही आले?"

"मीच आलेय. आणखी एक नाव घालायचंय."

"सांगा."

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही. खरं सांगते, जीभ उचललीच नाही. मागं यंत्र चालू होतं, तो कानामागं हात धरून उभा.

"मावशी, सांगा ना."

"त्यांचंच. घरचं."

"हां, मग सांगा की." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. "अरे, आमची दादीपण अशीच होती. दादांचं नाव विचारलं तर भिंतीकडे तोंड करायची. थांबा, लिहून द्या."

त्यानं जाड पेन्सिल दिली आणि एक फरशीचा तुकडा. मी तो मांडीवर घेतला. पन्नास वर्षांत मी ते नाव लिहिलंही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. किराण्याच्या याद्या, रविवारच्या शाळेचे धडे, सगळ्या मंडळीची बाळं, सगळं लिहिलं, हे नाही. आखूड आहे हो नाव. सासूबाई बरोबर म्हणायच्या. एकेक अक्षर करत उमटलं.

दगडवाल्यानं तुकडा उजेडात धरला आणि नाव वाचलं, खणखणीत, यंत्राच्या आवाजाच्याही वर. त्यांची रीतच असते ती, कोरण्याआधी मोठ्यानं वाचून घ्यायचं. "बरोबर?"

दवाखान्यातल्या त्या नर्सनंतर ते नाव कुणी हाक मारल्यासारखं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता कुठूनतरी "हजर" येतंय.

"बरोबर," मी म्हणाले.

"पण जागा नाही मावशी. खाली वचन आहे. बारीक अक्षरात बसवू का कोपऱ्यात?"

"बारीक नको. वरच्या मापाचंच हवं."

"मग वचन काढावं लागेल."

ते वचन मी निवडलेलं. तीन दिवस शोधून. माझ्या सगळ्या ज्ञानाचं ते तेवढंच दगडावर जाणार होतं. मी जरा वेळ बघत बसले त्या खडूच्या ओळींकडे.

"काढा," मी म्हणाले. "देवाला त्याची वचनं पाठ आहेत."

त्यानं ओल्या फडक्यानं खडू पुसला. चहा मागवला. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली आणि मी दोन थांबे पुढं गेले.

मुलाला दुकानातून फोन गेलाच असणार. संध्याकाळी त्याचा मला आला. आधी गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाला, "वचन का काढलंस? तुझं आवडतं होतं ना ते." मी म्हणाले, जागा नव्हती. "बरं," म्हणाला आणि ठेवला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

दगड बसवला त्या दिवशी ऊन फार होतं. पाळकसाहेबांनी दोन शब्द बोलून प्रार्थना केली. दिघीचे भाऊजी शॉपमधल्या सहा जणांना घेऊन दोन रिक्षांनी आले. सगळे सत्तरीपुढचे, एकाच्या हातात काठी, एकाला नीट दिसत नाही. दफनभूमीत ते पूर्वी कधी आले नव्हते, चपला कुठं काढायच्या म्हणून फाटकाशीच घोटाळले. मी हात करणार होते, पण ज्यांना दिसत होतं त्यांनी लांबूनच दगड वाचला आणि सरळ चालत आले. भाऊजींनी दगडावर पंजा ठेवला. उन्हानं तापला होता तरी काढला नाही. "काय राव," एवढंच म्हणाले, आणि ते नाव. मग प्रत्येकानं घेतलं. न दिसणाऱ्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि घेतलं.

मुलगा माझ्यावर छत्री धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघू नये एवढं मला आता कळतं.

परतताना नात पुढं भाऊजींना हात देऊन चालली होती, मी आणि मुलगा मागं, माझ्या पावलांनी. मध्येच तो म्हणाला, "आजीनं खरंच ठेवलं होतं त्यांना उकिरड्यावर? जन्मल्या जन्मल्या?"

"सुपात घालून."

आणखी दहा पावलं गेली.

"किती वेळ?"

मी थांबले. गुडघ्यासाठी नाही. सासूबाई माझ्याकडे सतरा वर्षं होत्या, एका चुलीवर आम्ही रांधलं. सुईण कोण, शेजारीण कोण, कोंडा किती, सगळं त्यांनी सांगितलं होतं. दारात बसून, तेवढा वेळ त्या पोराकडे बघताना त्यांना किती वेळ वाटला, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"ते विचारायचं राहिलं," मी म्हणाले.

त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंड धरला. फाटकाशी रिक्षा उभ्या होत्या.